उजव्या बाजूचे आटे

इथून मुंबईला जाणारी पत्रं मला पाठ आहेत. शेजारपाजारच्या म्हाताऱ्यांचे हात कापतात म्हणून कित्येक मीच लिहून दिली आहेत. 'संत्री मुबलक आहेत, हवा कोरडी आहे, यांना काम लागलं.' या अंकासाठी लिहा असा निरोप आला तेव्हा त्यातही तोच सूर होता: कामाच्या चार गमती लिहा, सणाचा अंक आहे, वाचणाऱ्याला बरं वाटलं पाहिजे.

मला स्वतःलाच बरं वाटत नाही. 'यांना काम लागलं' हे सगळे लिहितात. ते काम काय होतं आणि कसं गेलं, हे कोणी लिहीत नाही. ते मी लिहितो.

मुंबईहून इथे आलेल्या यहुद्यांपैकी मी एक; बेर-शेवामध्ये एका सायकलींच्या शेडमध्ये फिटर आहे. शेड म्हणजे पत्र्याचं लांबट छप्पर. दुपारी आत उभं राहिलं की डोक्यावर कोणी तवा धरलाय असं वाटतं. हैफा बंदरातून फ्रेमी येतात, रंगवलेल्या, गवतात गुंडाळलेल्या. बाकीचे भाग वेगळ्या खोक्यांतून येतात. आम्ही जोडतो. सायकली जातात नर्सांकडे, टपालवाल्यांकडे, वाळवंटातल्या पाण्याच्या पाइपावर राखण करणाऱ्यांकडे.

रंगवलेली फ्रेम म्हणजे तयार फ्रेम, असं जगाला वाटतं. ती तयार नसते. नळ्या तापवून जोडताना लोखंड हलतं. गोल भोक लांबट होतं. समोरासमोर सरळ असायला हवीत ती तोंडं तिरकी होतात. वर एनॅमलचा थर; तो भोकात, आट्यांत, जिथे नको तिथे जाऊन वाळतो. अशा फ्रेमीत बेअरिंगचे कप तसेच ठोकून बसवले तर ते वाकडे बसतात, सगळा भार एका बाजूच्या छर्‍यांवर येतो आणि लोखंड लोखंडाला खायला लागतं. गिऱ्हाईक म्हणतं, सायकल लवकर जुनी झाली. जुनी झालेली नसते. नवी असतानाच तिच्याशी कोणीतरी लबाडी केलेली असते.

म्हणून आधी तयारी. पुढच्या उभ्या नळीत पुढचं चाक धरणारा चिमटा आणि हँडल फिरतं. तिथे रीमर घालून भोक गोल करायचं, वरचं-खालचं तोंड कटरने सपाट करायचं. खाली पायडलांचा दांडा जिथून आरपार जातो त्या आडव्या नळकांड्याला आम्ही डबी म्हणतो. डबीच्या दोन्ही बाजूंना आतून आटे असतात. त्यांत टॅप, म्हणजे आटे पाडायचं पोलादी हत्यार, फिरवून रंग काढायचा, आटे उघडे करायचे. एक फेरा पुढे, अर्धा मागे, तेलाचा थेंब, पुन्हा पुढे. मग कप बोटांनी आत गेला पाहिजे. पान्याला हात लावायचा तो शेवटचं आवळायला.

या कामाचं वाईट हे की ते झाल्यावर दिसत नाही. न केलं तरीही दिसत नाही. मुकादमाच्या म्हणूनच ते डोळ्यांत सलतं. आमचा मुकादम बेर्कू, रुमानियाचा. तो वाईट माणूस नाही असं सगळे म्हणतात. वाईट माणसाशी निदान सरळ भांडता येतं. बेर्कू खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, "येहिये तोव." होईल नीट. कप बसत नाही? येहिये तोव. छपराला भोक पडलं? येहिये तोव. आणि आपण आवाज चढवला की दुसरा शब्द येतो: "सव्लानूत." धीर धरा. या देशात आम्हाला भाकरीच्या आधी हे दोन शब्द मिळाले. माझे वडील गिरणीत होते. आमच्या खोलीत पुस्तकं नव्हती, संपाची पत्रकं होती, त्यांवरच मी अक्षरं लावायला शिकलो. 'धीर धरा' हे कोण कोणाला सांगतो, ते मला तेव्हापासून ठाऊक आहे.

शेडमध्ये आटे पाडायचं टेबल शिमशोनकाकांचं होतं. काका नात्याचे नव्हेत, आमच्या चाळीतले. माझगावला सायकलीच्या दुकानात आयुष्य गेलं. इस्त्रीचा शर्ट घालून कामाला यायचे, बाह्या दुमडायचे, आणि कोणी बघत असेल तर टॅप एकाच हाताने फिरवायचे. गर्व इतका की आमची चूक दाखवतानासुद्धा स्वतःचीच गोष्ट सांगायचे. मी पुढची नळी करायचो. त्यांचं टेबल माझ्या शेजारी. मला ते 'कॉम्रेड' म्हणत, आणि त्यात लाडापेक्षा टोमणा जास्त असे.

"कॉम्रेड, ते तोंड तू सपाट केलंस की त्याला भाषण दिलंस?"

एक हंगेरियन बाई आमच्याकडे यायच्या, मुलांना व्हायोलिन शिकवणाऱ्या. सायकल भिंतीला टेकवायच्या, हँडल हळूच फिरवायच्या, कान लावायच्या आणि म्हणायच्या, "इथे एक कण आहे." बेर्कू त्यांना वेडी म्हणायचा. काकांनी एकदा खोललं, तर खालच्या कपात रंगाचा टवका निघाला, धण्याएवढा. त्या दिवसापासून काका सगळ्यांना सांगत सुटले, "अख्ख्या बेर-शेवात दोघांनाच ऐकू येतं. एक ती बाई आणि दुसरा मी. बाईला थोडं कमी."

पण हे टेबल त्यांना सहज मिळालेलं नव्हतं. आल्यावर लिश्कात, म्हणजे काम वाटणाऱ्या कचेरीत, त्यांनी सांगितलं, मी फिटर आहे. खिडकीतला माणूस म्हणाला, होदी आहेस ना, मग फावडं घे. होदी म्हणजे हिंदुस्थानातला. पुढे उन्हाळेच्या उन्हाळे काकांनी रस्त्यावर खडी फोडली आणि झाडांसाठी खड्डे खणले. अशा कामाला इथे 'दहाक' म्हणतात. माणूस रिकामा दिसू नये म्हणून दिलेलं काम. शेडमध्ये घेतलं तेव्हा मिल्काकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, शेजाऱ्यांत मलिदा वाटला. दोघांनाही ठाऊक होतं की हे टेबल गेलं तर पुन्हा फावडंच.

आणि ते टेबल एका सकाळी गेलं.

इथे थोडं समजून घ्या, कारण सगळं यावरच आहे. इंग्रजी सायकलीच्या डबीत डाव्या बाजूचे आटे नेहमीसारखे, उजवीकडे फिरवून आवळायचे. उजव्या बाजूचे मात्र उलटे. डावीकडे फिरवले की आवळतात, म्हणजे पायडल मारताना कप आपोआप सुटत नाही. मुंबईत सगळ्या सायकली विलायती, नाहीतर विलायती घाटाच्या. त्यामुळे मुंबईच्या फिटरचा हात उजव्या बाजूला आला की स्वतःहून उलटा फिरतो. विचार करावा लागत नाही. शेडमधले टॅपही इंग्रजीच होते.

त्या दिवशी नवीन फ्रेमी आल्या, हिरव्या, राखणदारांसाठी. फ्रेंच होत्या. फ्रेंच डबीत दोन्ही बाजूंचे आटे सरळ असतात. डबीचं तोंड जवळजवळ तेवढंच. डोळ्याला फरक कळत नाही, आणि आत तर रंग भरलेला. काकांनी डावी बाजू केली, थोडी जड गेली. उजव्या बाजूला उलटा टॅप लावला. तो अडला. त्यांना वाटलं, एनॅमल जाड आहे. सगळ्याच फ्रेमींत जाड असतं. त्यांनी जोर लावला, आणि काकांच्या मनगटात जोर होता. हिरवी भुकटी पडली, मग तिच्यात चकचकीत लोखंडाचे केस यायला लागले. चौथ्या फ्रेमीवर ते थांबले. ते केस चिमटीत धरून उजेडाकडे गेले.

"कॉम्रेड," ते म्हणाले, "हे रंगाचं नाही रे. हे आट्यांचं आहे."

दुपारी कपांचं खोकं उघडलं. दोन्ही कप सरळ आट्यांचे. काकांनी डाव्या बाजूला एक लावला. नीट गेला नाही, पण चालवून घेता आला असता. उजव्या बाजूचा आत गेला आणि तिथेच गरगर फिरत राहिला, धरायला काही शिल्लकच नव्हतं. चार फ्रेमी गेल्या.

बेर्कू आला, बघितलं आणि सहज म्हणाला, "हो, फ्रेंच आहेत. बंदरावर सांगितलं होतं मला."

मी विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"तुम्ही फिटर ना? वाटलं बघाल."

"टॅप इंग्रजी दिलेस तू. फ्रेंच टॅप कुठे आहे?"

"येईल. सव्लानूत." मग त्याने काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "शिमशोन, कोणाला कळायची गरज नाही. कपाला पातळ पत्रा गुंडाळ, ठोकून बसव, वरून रंग लाव. उद्या गाडी येते आहे. तू टेबलावर राहशील, मी आहे ना. वर कळलं तर तुला ठाऊक आहे काय म्हणतील. होदींना मशीन देऊ नका म्हणतील."

पत्रा गुंडाळून ठोकलेला कप काही दिवस धरतो. मग एखाद्या दिवशी माणूस चढावर पायडलवर उभा राहतो, अंगाचा सगळा भार देतो, आणि कप दांड्यासकट निसटतो. पाइपावरच्या राखणदाराला मैलोन्‌मैल माणूस दिसत नाही. पाण्याची एक बाटली असते. बेर्कूलाही हे ठाऊक होतं. तो सायकलीतलाच माणूस आहे.

काकांनी टेबल पुसलं, शर्टाच्या बाह्या खाली केल्या, घरी गेले.

संध्याकाळी मी त्यांच्या झोपडीत गेलो तो पेटून. पत्रकाचा मजकूर वाटेतच जुळला होता. मुकादमाने माहिती लपवली, चुकीची हत्यारं दिली, आणि आता दोष निरपराध हिंदी कामगाराच्या माथी मारतो आहे. मी सांगितलं, उद्या कामगारांच्या समितीपुढे हे ठेवतो, आणि नाही ऐकलं तर आपण सगळे काम थांबवू.

काकू कांदा चिरत होत्या. "आधी माझं ऐक," त्या म्हणाल्या. "यांना गप्प बसायला सांग. तो मुकादम स्वतः म्हणतो आहे ना, ठेवतो म्हणून? मग ठोका पत्रा. अख्ख्या देशात पत्रा ठोकलेला आहे. आपलं घर काय आहे? पत्राच ना?"

"मिल्का," काका म्हणाले, "माणूस पडेल."

"आणि तुम्ही खडीवर पडलात तर? गेल्या उन्हाळ्यात कंबर धरून बसला होतात ते विसरलात? कोणी सायकल पाठवली होती का तुम्हाला घरी आणायला?"

मी म्हणालो, "काकू, म्हणूनच तर पत्रक. पत्रा ठोकायचा नाही आणि टेबलही सोडायचं नाही. चूक काकांची नाहीच."

तेव्हा काका माझ्यावर उखडले. बेर्कूवर चढवला नव्हता तो आवाज त्यांनी माझ्यावर चढवला.

"नाही कशी? टॅप कोणी फिरवला? तुझ्या बापाने?"

"तुम्हाला सांगितलं नव्हतं, काका."

"नाही सांगितलं. तो हरामखोर आहे, ते लिही. पण अडलेला टॅप मी रेटला. लोखंड सांगत होतं आणि मी ऐकलं नाही. तीनदा ऐकलं नाही." ते थांबले. "तुझ्या त्या कागदात मी कोण आहे? निरपराध. बिचारा. असंच ना? मी बिचारा नाही रे. मी फिटर आहे. फिटरच्या हातून काम बिघडतं. ज्याच्या हातून काही बिघडतच नाही त्याच्या हातात कोणी काही दिलेलंच नसतं. ते निरपराध खोड आणि मग काय वाजवायचे ते ढोल वाजव."

"खोडलं तर ते तुम्हालाच धरतील!"

"धरू देत."

काकूंनी सुरी ताटलीवर आपटली. "धरू देत म्हणे! मोठे राजे लागून गेले!"

मला त्या वेळी तिघांचाही राग आला. बेर्कूचा होताच. काकूंचा, कारण त्या बरोबर बोलत होत्या. आणि काकांचा सर्वांत जास्त, कारण माझ्या हातात तयार लढाई होती आणि ते तिच्यातला नायक व्हायला तयार नव्हते. मी वाद घातला. पुष्कळ घातला. निरपराध हा शब्द काढला तर समिती कान देणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि पुढे ते तसंच झालं.

दुसऱ्या दिवशी मी पोहोचलो तेव्हा करवतीचा आवाज येत होता. काका इस्त्रीच्या शर्टात, बाह्या दुमडून, चौथी फ्रेम शिकंज्यात धरून डबी मधोमध कापत होते. आधीच्या तीन जमिनीवर दोन-दोन तुकडे होऊन पडल्या होत्या. डबी कापली की फ्रेम संपली. तिला पत्राही लागत नाही आणि रंगही नाही. बेर्कू धावत आला. पहिल्यांदाच त्याच्या तोंडात दोन्हींपैकी एकही शब्द नव्हता.

"काय केलंस?"

काकांनी त्यांच्या मोडक्या हिब्रूत सांगितलं, "चार मी बिघडवल्या. चार मी कापल्या. बाकीच्या चांगल्या आहेत, फ्रेंच टॅप आला की करा."

"मी तुला वाचवत होतो!"

"मला नाही," काका म्हणाले. "तुला."

त्यांनी करवत पुसून खुंटीला लावली. घरी गेले नाहीत. दिवसभर टेबलाशी बसून राहिले, कोणीतरी येऊन जा म्हणेपर्यंत. ते म्हणणारा माणूस जेवणानंतर आला.

मी समितीकडे गेलो. पत्रकात निरपराध शब्द नव्हता. 'चूक झाली, ती कामगाराने कबूल केली; लपवाछपवी मुकादमाने केली, ती त्याने कबूल केलेली नाही' असं होतं. मराठीत लिहिलेलं, कारण मला त्याच भाषेत रागावता येतं. खाली माझं तुटकं हिब्रू. ज्यांनी ठरवायचं त्यांना मराठी वाचता येईना, आणि ज्यांना वाचता येत होतं त्यांना वाचायची गरज नव्हती. समितीचा माणूस म्हणाला, मुद्दाम माल कापणाऱ्याची बाजू आम्ही घेऊ शकत नाही. मी म्हणालो, पत्रा ठोकला असता तर घेतली असती? तो म्हणाला, पत्रा ठोकला असता तर तू आलाच नसतास. हे खरं होतं. म्हणूनच मी त्याच्या टेबलावर मूठ आपटली. मुठीला लागलं. टेबलाला काही झालं नाही.

काम थांबवण्याचं म्हणाल, तर थांबवणारा मी एकटा निघालो. सकाळी बाहेर उभा राहिलो. आमचीच माणसं खाली मान घालून आत गेली, त्यांतल्या एकाने जाता जाता विचारलं, "काकांनी सांगितलंय का असं करायला?" काकांनी सांगितलेलं नव्हतं. उलट संध्याकाळी घरी बोलावून मला झापलं. "तू बाहेर उभा राहिलास, आत पत्रा ठोकायला हातोडा घेऊन कोण उभं होतं ते बघितलंस का?" मी दुसऱ्या दिवशी आत गेलो.

लिश्काने काकांना डिमोनाच्या रस्त्यावर पाठवलं. तिकडे नवीन घरं उभी राहतायत, रस्ता रुंद करतायत. पहाटे ट्रक येतो, त्यात उभं राहून जायचं, खडी फोडायची, संध्याकाळी उभं राहून परत. आणि आटे पाडायच्या टेबलावर बेर्कूने मला उभं केलं. "तू तरुण आहेस," म्हणाला, "तू शिकशील." फ्रेंच टॅप आले. आता खोकं उघडायच्या आधी बेर्कू शेडभर ओरडतो, "इंग्रजी!" किंवा "फ्रेंच, दोन्ही सरळ!" मोठ्या अभिमानाने ओरडतो, जणू ही रीत त्याच्या आजोबांपासून चालत आलीय. एवढं एक वाक्य. तो ते त्या सकाळी ओरडला असता तर एक माणूस खडीवर गेला नसता. दर वेळी ते ऐकलं की मला तो टॅप त्याच्या दिशेने फेकावासा वाटतो. फेकत नाही. महाग आहे, आणि पुढची फ्रेम वाट बघत असते.

मी दर रविवारी, कामाचा आठवडा सुरू झाला की, त्याला विचारतो, "शिमशोन कधी येणार?" तो काय म्हणतो ते तुम्हाला आता सांगायला नको.

गेल्या शब्बाथला काकांकडे गेलो होतो. शनिवारी विस्तव पेटवायचा नाही म्हणून थर्मासमधला चहा, बशीत चार बिस्किटं. काकांच्या बोटांना पट्ट्या होत्या. चहाचा कप ते दोन्ही तळहातांत धरत होते. शर्ट तसाच इस्त्रीचा. मी शेडची हकिकत सांगितली, बेर्कूच्या ओरडण्याची नक्कल करून दाखवली. ते हसले. मग विचारलं, "त्या चार राखणदारांचं काय झालं? सायकली मिळाल्या?"

"नाही," मी म्हणालो. "कापलेल्यांच्या बदली दुसऱ्या मागवल्याच नाहीत. चौघे अजून पायी जातात पाइपावर."

काकांनी चहाचा घोट घेतला. "पायी म्हणजे पोहोचतात ना?"

"पोहोचतात."

"मग ठीक आहे."

"ठीक कसं आहे?" मी ओरडलोच. "ते चालतायत, तुम्ही खडी फोडताय, आणि तो तिथे मुकादम! ठीक काय आहे यात, काका? तुम्हाला राग कसा येत नाही?"

काकांचे डोळे मिटत आले होते. भिंतीला टेकल्या टेकल्या त्यांना झोप लागली. काकूंनी त्यांच्या तळहातांतून कप अलगद काढून घेतला आणि मला दाराकडे खूण केली. बाहेर आल्यावर हळू आवाजात म्हणाल्या,

"तू रागाव, बाबा. भरपूर रागाव. आमच्या वाटचाही रागाव. आम्हाला उद्या पहाटे उठायचं असतं."